घर घेताना आपला स्वतःचा एजंट कसा ठेवायचा: पहिल्या फोनपासून चावी हातात येईपर्यंत

घर बघायला सुरुवात केली की पहिल्या आठवड्यातच मोबाईलमध्ये सात-आठ एजंटांचे नंबर सेव्ह होतात आणि आपल्याला वाटतं की चला, एजंट मिळाला. खरं तर तो मिळालेला नसतो. त्यातला एक बिल्डरचा असतो, दुसरा विकणाऱ्याचा, तिसरा दोघांकडून पैसे घेणारा, आणि फक्त तुमच्या बाजूने बोलणारा माणूस तुम्ही नेमलेलाच नसतो. पुण्या-मुंबईत घर घेणारे लोक मला सारखे एकाच जागी अडकलेले दिसतात आणि चूक असते क्रमाची. आधी साईट बघतात, मग टोकन देतात, मग कागद मागतात, मग वकील शोधतात, आणि एजंट नक्की कोणाचा हा प्रश्न निघतो तो भांडण झाल्यावर.

खाली तोच क्रम सरळ करून लिहिलाय. डोळ्यासमोर मुख्यतः रिसेल (आधीच्या मालकाकडून घ्यायचा) फ्लॅट ठेवलाय, कारण स्वतःच्या एजंटचा जास्तीत जास्त उपयोग तिथेच होतो. नवीन प्रोजेक्टचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलंय.

## पायरी १: समोरचा एजंट कोणाचा आहे ते ओळखा

ज्याचे पैसे, त्याचा माणूस. एवढा एकच नियम लावा, गोड बोलणं-बिलणं बाजूला ठेवा.

पहिल्या फोनवरच विचारा, "दादा, ह्या व्यवहारात तुम्हाला ब्रोकरेज कोण देणार?" उत्तर आलं, "सर, तुमच्याकडून एक रुपया नाही, सगळं बिल्डर देतो," तर तो बिल्डरचा चॅनल पार्टनर. लोक हे ऐकून खूश होतात, फुकट काम झालं म्हणून. पण त्याला कमिशन मिळतं ते तुम्ही त्याच प्रोजेक्टमध्ये बुकिंग केल्यावरच, आणि ज्या बिल्डरचं कमिशन जास्त त्याचा प्रोजेक्ट तुम्हाला आधी दाखवला जाणार. तो माणूस वाईट असतो असं मी म्हणत नाही, त्याचं काम विकण्याचं आहे आणि तो ते करतो. तुम्ही मात्र त्याला "हे घर घेऊ का?" असं विचारू नका.

रिसेलमध्ये उत्तर येतं, "एक टक्का तुमच्याकडून, एक टक्का ओनरकडून." कुठे दोन-दोन टक्केही मागतात. आता हा माणूस ओनरला जास्त भाव मिळवून देणार की तुम्हाला कमी भावात घेऊन देणार? कोर्टात दोन्ही पक्षांनी एकच वकील केला तर जे होईल तेच इथे होतं, आणि तरी आपल्याकडे हीच सर्रास पद्धत आहे.

तुमचा स्वतःचा एजंट म्हणजे ज्याची फी फक्त तुम्ही देता, जो समोरच्या बाजूकडून काही घेत नाही किंवा घेणार असेल तर आधी लेखी सांगतो, आणि जो "हे घर घेऊ नका" असं म्हणाला तरी त्याचं फार नुकसान होत नाही. शेवटचा मुद्दा फी कशी ठरवता त्यावर अवलंबून आहे, ते पायरी ४ मध्ये येतंय.

तपासा: आत्तापर्यंत ज्यांच्याशी बोललात त्या प्रत्येकाच्या नावापुढे लिहा, पैसे कोणाकडून घेणार. जिथे लिहिता येत नाही तिथे फोन करून विचारा.

## पायरी २: एजंट शोधण्याआधी आपली तयारी

रिकाम्या हाताने गेलात तर चांगला एजंट तुम्हाला वेळ देणार नाही, आणि जो देईल तो तुम्हाला त्याच्याकडे जे पडून आहे ते दाखवत फिरवेल. तेव्हा तीन गोष्टी आधी करा.

बजेट, पण खरं. लोक फ्लॅटची किंमत म्हणजेच बजेट धरतात. समजा पुणे महापालिकेच्या हद्दीत ८० लाखांचा रिसेल फ्लॅट आहे. मुद्रांक शुल्क सेस वगैरे धरून ७ टक्के म्हणजे ५ लाख ६० हजार (मुंबईत हेच ६ टक्के पडतं, घर फक्त बाईच्या नावावर असेल तर १ टक्का सूट, पण नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ती सूट मिळत नाही). नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार. एजंटची फी ८० हजार धरली आणि तो जीएसटीवाला असेल तर १८ टक्के धरून ९४,४००. सोसायटीचं ट्रान्स्फर प्रीमियम महापालिका भागात कमाल २५ हजार. झाले ७ लाखांच्या वर, वकील आणि बँकेची प्रोसेसिंग फी अजून बाहेरच आहे. त्यात बँक ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते आणि मुद्रांक शुल्क-नोंदणी त्या किमतीत धरत नाही. म्हणजे कर्ज फार तर ६४ लाख आणि खिशातून साधारण २३ लाख. ही बेरीज आधी झाली नाही की माणूस टोकन देऊन बसतो आणि मग नातेवाईकांना फोन लावत सुटतो.

कर्जाची पूर्वमंजुरी. बँकेकडून तुमच्या उत्पन्नावर किती कर्ज बसतंय त्याचं पत्र घेऊन ठेवा. घासाघीस करताना तुमच्या एजंटच्या हातातलं हे सगळ्यात मोठं हत्यार आहे, कारण ओनरला भाव पाच टक्के जास्त देणाऱ्यापेक्षा नक्की पैसे आणणारा माणूस पुष्कळदा जास्त आवडतो.

गरजांची यादी, दोन भागांत. "हे नसेल तर घर बघायचंच नाही" आणि "असलं तर बरं". आई-वडिलांचे गुडघे दुखत असतील तर लिफ्ट पहिल्या भागात, मोठी बाल्कनी दुसऱ्या. घरातल्या सगळ्यांनी बसून ही यादी करा, नाहीतर साईटवर उभं राहून नवरा-बायकोचं जुंपतं आणि समोरचा ब्रोकर शांतपणे ऐकत असतो की कुठे ताणलं तर तुटणार नाही.

## पायरी ३: एजंट शोधा आणि तपासा

भाग पक्का करा आणि मग त्याच भागात काम करणारा शोधा. कोथरूडचा माणूस वाकडमध्ये तुमच्या काही कामाचा नाही, कारण कुठल्या सोसायटीत टँकर येतो, कुठल्या बिल्डिंगचं कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) अडकलंय हे त्याला माहीतच नसतं.

तीन जणांना भेटा. ऑफिसात गेल्यावर आधी भिंतीवर बघा, महारेराचं (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचं) नोंदणी प्रमाणपत्र लावलेलं असायला हवं. नंबर 'ए' ह्या अक्षराने सुरू होतो ('पी'ने सुरू होणारा नंबर प्रोजेक्टचा असतो, ही गल्लत फार होते). तो नंबर महारेराच्या साईटवर टाकून बघा. नाव तेच आहे का, मुदत संपलीय का? नोंदणी ५ वर्षांची असते. त्याशिवाय १ जानेवारी २०२४ पासून एजंटला ट्रेनिंग घेऊन परीक्षा पास झाल्याचं प्रमाणपत्रही लागतं, तेही मागा. खरा एजंट ह्यावर रागावत नाही.

मग हे प्रश्न विचारा:

- ह्या भागात गेल्या सहा-आठ महिन्यांत झालेल्या व्यवहारांचे इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा) दाखवाल का?
- तुम्ही मला न घ्यायला सांगाल अशी एखादी बिल्डिंग ह्या भागात आहे का, आणि का?
- फक्त माझ्या बाजूने काम कराल का, आणि ते लिहून द्याल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात जास्त सांगून जातं. ज्याला ह्या भागातलं खरंच कळतं तो लगेच दोन नावं घेतो आणि कारणं देतो, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) नाही, सोसायटीत दोन गट पडलेत, पार्किंगवरून वाद चालू आहेत. जो म्हणतो "सर, आपल्याकडे सगळंच क्लिअर टायटल आहे", त्याला चहा झाल्यावर नमस्कार करा.

थांबा: रिसेलबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. महारेरा मुख्यतः नोंदणी झालेल्या प्रोजेक्टसाठी आहे. वीस वर्षं जुन्या सोसायटीतला फ्लॅट तुम्ही एका खाजगी माणसाकडून घेताय आणि त्यात एजंटने फसवलं, तर तिथे महारेराचं दार उघडेलच असं धरून चालू नका. अशा वेळी तुमच्या हातात राहतो तो त्याच्याशी केलेला लेखी करार, आणि म्हणूनच पुढची पायरी रिसेलवाल्यांनी अजिबात गाळायची नाही.

## पायरी ४: एक पानाचा लेखी करार

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना हे नवीन वाटणार नाही. तिथे १७ ऑगस्ट २०२४ पासून रिअल्टर संघटनेच्या नियमाप्रमाणे घर दाखवायच्या आधी खरेदीदाराने आपल्या एजंटशी लेखी करार करायचा आणि फी किती ते त्यात आकड्यात लिहायचं. आपल्याकडे तसं बंधन नाही, पण तुम्हाला कोणी अडवलेलंही नाही.

स्टॅम्पपेपरवर करा किंवा साध्या लेटरहेडवर दोघांच्या सह्या घ्या, पण ह्या गोष्टी त्यात असू द्या:

1. तुमचं नाव, त्याचं नाव, महारेरा नंबर, कुठल्या भागात, किती बजेटमध्ये, कुठल्या प्रकारचं घर.
2. मुदत. ६० ते ९० दिवस पुरे. बेमुदत काही लिहू नका.
3. फी किती, कधी, आणि जीएसटी वेगळा की धरून.
4. समोरच्या पक्षाकडून कसलंही कमिशन घेणार नाही. नवीन प्रोजेक्टमध्ये बिल्डर देणार असेल तर रक्कम आधी सांगणार आणि ती तुमच्या फीमधून वजा होणार.
5. तो नक्की काय करणार: घरं शोधणं, जुन्या व्यवहारांचे आकडे काढणं, भाव बोलणं, कागद गोळा करणं, सोसायटी आणि बँकेच्या फेऱ्या, ताब्यापर्यंत सोबत.
6. तुमचं बजेट, कर्जाची मर्यादा, घाई आहे की नाही हे समोरच्याला सांगणार नाही.

फीबद्दल माझं मत स्पष्ट आहे, टक्केवारीत ठरवू नका, ठोक रक्कम ठरवा. ८५ लाखांचं घर एजंटने भांडून ७८ वर आणलं तर एक टक्क्याच्या हिशोबाने तुमचे सात लाख वाचले म्हणून त्याची फी सात हजारांनी कमी झाली. चांगलं काम केल्याची ही शिक्षा आहे, आणि आपण स्वतः ती लिहून देतो. त्यापेक्षा ठोक ७५-८० हजार ठरवा, थोडी रक्कम कामाला सुरुवात करताना द्या (घर न घेता मुदत संपली तरी ही त्याची), अर्धी साठेखत (विक्रीचा करार) रजिस्टर झाल्यावर आणि राहिलेली ताबा आणि सोसायटी ट्रान्स्फर झाल्यावर. सुरुवातीची रक्कम दिल्यामुळेच तो तुम्हाला "हे सोडा" म्हणू शकतो.

नेहमीची चूक: सगळी फी रजिस्ट्रेशनच्या दिवशी देऊन टाकणं. त्यानंतर सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, वीज मीटर, प्रॉपर्टी टॅक्सवरचं नाव ही कामं राहतात आणि एजंटचा फोन लागत नाही.

## पायरी ५: करार झाल्यावरच नंबर द्या

ही सगळ्यात छोटी पायरी आहे आणि सगळ्यात जास्त लोक इथेच घसरतात.

नवीन प्रोजेक्टच्या सेल्स ऑफिसात गेलात की रिसेप्शनवर एक टॅब पुढे येतो, नाव, मोबाईल, बजेट, "आमच्याबद्दल कुठून कळलं?" आणि मोबाईलवर ओटीपी येतो. तो ओटीपी सांगितला की तुमचा नंबर त्यांच्या सिस्टीममध्ये टॅग झाला. कोणी चॅनल पार्टनरने आणलं असेल तर त्याच्या नावावर, एकटे गेलात तर थेट ग्राहक म्हणून. त्यानंतर ठराविक दिवसांत तुम्ही तुमचा एजंट घेऊन गेलात तर ते सरळ सांगतात, "हे क्लायंट आमच्याकडे आधीच आहेत." पोर्टलवर नुसतं "किंमत बघा" दाबलं तरी कधीकधी हेच होतं.

म्हणून रविवारी सहज चक्कर मारू म्हणून सॅम्पल फ्लॅट बघायला जायचं नाही. ज्या प्रोजेक्टमध्ये जायचं आहे त्याची यादी एजंटला द्या, तो तुमच्यासोबत येईल आणि फॉर्मवर त्याचं नाव लागेल.

रिसेलमध्येही तसंच. एकच फ्लॅट चार ब्रोकर दाखवतात. ज्याने पहिल्यांदा दाखवला तो नंतर "माझा क्लायंट" म्हणून ब्रोकरेज मागत येतो. सगळे फोन तुमच्या एजंटकडे वळवा आणि कुठला फ्लॅट कोणी, कुठल्या तारखेला दाखवला ह्याची नोंद व्हॉट्सॲपवर त्याच्याशी ठेवा.

तपासा: तुमच्या घरच्यांनी परस्पर कुठे चौकशी केलीय का? बऱ्याचदा उत्साहात मुलाने किंवा सासऱ्यांनी तीन पोर्टलवर नंबर टाकलेला असतो.

## पायरी ६: घर बघताना एजंटकडून काय करून घ्यायचं

घर बघायला एजंट फक्त दार उघडायला येत असेल तर त्याची फी वाया गेली. बघण्याआधी त्याच्याकडून प्रत्येक घराची एवढी माहिती मागा: कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, किती (सेलेबल किंवा सुपर बिल्ट-अप नको), ओसी आहे का, सोसायटी रजिस्टर झालीय का, कन्व्हेयन्स झालंय का, ओनरचं कर्ज चालू आहे का, पार्किंग कागदावर कसं आहे. ज्या घराची ही माहिती मिळाली नाही ते बघायला जाऊच नका, कारण एकदा घर आवडलं की ह्यातलं काहीही आपण कानाआड करतो.

पार्किंगकडे जरा जास्त लक्ष द्या. उघड्यावरचं पार्किंग बिल्डरला विकता येत नाही, ती जागा सोसायटीची. तरीही रिसेलमध्ये ओनर "पार्किंगसकट" म्हणून तीन-चार लाख जास्त सांगतो आणि साठेखत बघितलं तर त्यात पार्किंगचा शब्दही नसतो. तुमच्या एजंटने सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटून विचारलं पाहिजे की ही जागा ह्या फ्लॅटला कशी मिळाली, आणि नवीन मालकाला मिळणार का.

आवडलेलं घर दुसऱ्यांदा बघा आणि वेळ बदला. संध्याकाळी सातला पाण्याचं प्रेशर, रस्त्यावरचा ट्रॅफिक, वरच्या मजल्याचा आवाज सगळं कळतं. वॉचमनला विचारा टँकर किती येतात.

## पायरी ७: भाव ठरवणं

स्वतःचा एजंट असण्याचे पैसे इथे वसूल होतात, म्हणून ह्यावर जास्त वेळ घालवा.

ओनर सांगतो तो भाव पोर्टलवरच्या भावावरून आलेला असतो, आणि पोर्टलवर असतात ते मागितलेले भाव, मिळालेले नाहीत. मिळालेला भाव बघायचा तर नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर जायचं. गाव, वर्ष आणि मिळकतीचा नंबर टाकून त्या बिल्डिंगमधल्या व्यवहारांचे इंडेक्स टू बघता येतात, त्यात रक्कम, क्षेत्रफळ आणि तारीख असते.

समजा ६५० चौरस फूट कार्पेटचा टू बीएचके आहे आणि ओनर ८५ लाख म्हणतोय, म्हणजे फुटाला साधारण १३,०८०. एजंटने त्याच सोसायटीतले दोन व्यवहार काढले. एक ५९.५ चौरस मीटर, ७६ लाख. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, तेव्हा हा झाला ६४० फूट आणि भाव पडला ११,८७० च्या आसपास. दुसरा ६१.३ चौरस मीटर, ७९ लाख, भाव साधारण ११,९७०. दोन्ही गेल्या वर्षभरातले असतील तर बोलणी १२,००० च्या आसपास व्हायला हवीत, म्हणजे ७८ लाख. आता ओनरसमोर "जरा कमी करा ना काका" म्हणायची गरज नाही, एजंट कागद पुढे ठेवतो आणि पूर्वमंजुरीचं पत्रही.

आकडे वाचताना दोन खड्डे सांभाळा. इंडेक्स टू मध्ये क्षेत्रफळ कधी कार्पेट असतं, कधी बिल्ट-अप, ते न बघता भागाकार केला तर सगळा हिशोब फसतो. आणि काही जुन्या व्यवहारांत थोडी रक्कम रोखीत गेलेली असते त्यामुळे कागदावरचा भाव खऱ्यापेक्षा कमी दिसतो. एकाच व्यवहारावर विसंबू नका, तीन-चार काढा.

एजंटला दोन आकडे द्या, पहिली ऑफर आणि ज्याच्यावर जायचं नाही तो. बोलणी तो करेल, तुम्ही समोर बसलात तरी आकडा तुमच्या तोंडून जाऊ देऊ नका.

थांबा: "दहा लाख कॅश द्या, स्टॅम्प ड्युटी वाचेल" असं कोणी म्हटलं तर तिथेच नाही म्हणा. जमीन-घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्यावर रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, त्या रकमेवर कर्ज मिळत नाही, मुद्रांक शुल्क रेडी रेकनर (सरकारने ठरवलेला भाव) आणि करारातली किंमत ह्यांपैकी जे जास्त त्यावर लागतं, आणि उद्या व्यवहार मोडला तर ते दहा लाख दिल्याचा पुरावा तुमच्याकडे नसतो. तुमचाच एजंट हे सुचवत असेल तर एजंट बदला.

## पायरी ८: टोकन, पण अटींसकट

"सर, आज संध्याकाळपर्यंत टोकन टाका, दुसरी पार्टी नाशिकहून निघालीय." हे वाक्य घर बघणाऱ्या प्रत्येकाने ऐकलंय. तुमच्या एजंटचं काम आहे ती पार्टी खरंच आहे का ते काढणं आणि असली तरी तुम्हाला घाईत सही करू न देणं.

टोकन देण्याआधी निदान एवढे कागद डोळ्यांनी बघा: ओनरचं रजिस्टर्ड साठेखत किंवा खरेदीखत आणि इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, ओसी, चालू वर्षाची टॅक्स पावती, ओनरचं आधार-पॅन. नावं जुळतात का? जागा नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर दोघांशी बोलणं व्हायला हवं. ओनर वारले असतील तर वारस किती आणि कुठे आहेत?

टोकनची रक्कम छोटी ठेवा, ५१ हजार किंवा एक लाख, चेकने किंवा बँक ट्रान्स्फरने, आणि विसार पावतीत हे लिहून घ्या: ठरलेली पूर्ण किंमत, पार्किंग आणि सामान काय काय धरून, किती दिवसांत साठेखत, बँकेने घरावर कर्ज नाकारलं किंवा वकिलाला टायटलमध्ये अडचण दिसली तर टोकन पूर्ण परत आणि किती दिवसांत. ही "परत"ची ओळ ओनरकडून लिहून घेणं एकट्या खरेदीदाराला अवघड जातं, एजंटला जमतं, कारण तो भावनेत अडकलेला नसतो.

नवीन प्रोजेक्टमध्ये दोन नियम पाठ करा. करार रजिस्टर होईपर्यंत बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. आणि महारेराने ठरवलेल्या अलॉटमेंट लेटरच्या नमुन्याप्रमाणे बुकिंग पहिल्या १५ दिवसांत रद्द केलं तर कपात नाही, नंतर ती टप्प्याने वाढते. तुम्हाला दिलेलं लेटर त्या नमुन्याशी ताडून बघा, बदल केलेला असेल तर सही करण्याआधी विचारा.

## पायरी ९: कागद एजंट आणतो, निर्णय वकील देतो

एजंट कितीही चांगला असला तरी टायटल तपासणं त्याचं काम नाही. आणि वकील तुमचा हवा, एजंटने "आपलाच माणूस आहे" म्हणून दिलेला नको. बँकेचा वकीलही बँकेसाठी बघतो, त्याच्या "ओके"ला तुमचं ओके समजू नका.

एजंटने वकिलाकडे पोचवायचं: पहिल्या मालकापासून आत्तापर्यंतच्या सगळ्या करारांची साखळी, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, मंजूर नकाशा, ओसी, सोसायटीचं ना हरकत आणि नो ड्यूज, टॅक्स आणि वीज बिल. वकील साधारण ३० वर्षांचा सर्च घेतो आणि घरावर बोजा आहे का बघतो.

ओनरचं कर्ज चालू असेल तर जरा थांबून क्रम लावा. त्याच्या बँकेकडून बाकी रकमेचं पत्र आणि त्यांच्याकडे असलेल्या मूळ कागदांची यादी घ्यायची, तुमचे पैसे ओनरच्या हातात न देता थेट त्या कर्ज खात्यात जमा करायचे, आणि मूळ कागद सुटले की कोण ताब्यात घेणार ते आधी लिहून ठेवायचं. दोन बँका, ओनर आणि तुम्ही एवढ्यांच्या तारखा जुळवणं म्हणजे पंधरा-वीस फोन असतात. नोकरी सांभाळून ते होत नाही.

तपासा: वकिलाचं मत लेखी आहे का? "सगळं ठीक आहे, करा" हे फोनवरचं वाक्य मत नाही.

नवीन प्रोजेक्टसाठी महारेराच्या साईटवर मंजूर नकाशे, ताब्याची तारीख, मुदतवाढ, कोर्टातले दावे सगळं असतं. एजंटकडून ते पान काढून घ्या आणि ब्रोशरमध्ये सांगितलेली तारीख त्याच्याशी लावून बघा. मला विचाराल तर थेट बिल्डरकडून घेताना स्वतःच्या एजंटचा फायदा कमी होतो, कारण भावात हलायला जागा थोडी असते आणि त्याचं कमिशन तिकडून येतं. तिथे हेच पैसे चांगल्या वकिलावर जास्त खर्च करा.

## पायरी १०: रजिस्ट्रेशन, टीडीएस, ताबा

साठेखताचा मसुदा रजिस्ट्रेशनच्या निदान दोन-तीन दिवस आधी हातात हवा. सब रजिस्ट्रारच्या ऑफिसात डेटा एंट्री केलेलं पान समोर येतं तेव्हा नावाचं स्पेलिंग, फ्लॅट नंबर, क्षेत्रफळ, पार्किंग एकेक ओळ बोट ठेवून वाचा. मागे रांग आहे म्हणून घाई करू नका, इथली चूक दुरुस्त करायला नंतर वेगळं चूकदुरुस्ती पत्र रजिस्टर करावं लागतं.

किंमत किंवा रेडी रेकनरची किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस (ओनरला द्यायच्या पैशातून कापून सरकारकडे भरायचा कर) तुम्ही कापायचा आणि ज्या महिन्यात कापला तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत भरायचा. मालक चार असले आणि प्रत्येकाचा हिस्सा ५० लाखांच्या आत असला तरी एकूण किंमत बघतात. ओनर परदेशात राहणारा असेल तर हा १ टक्का लागू होत नाही, दर बराच जास्त असतो, म्हणून पहिला रुपया देण्याआधी सीएला भेटा. ही गोष्ट एजंटने पायरी ६ लाच सांगायला हवी, कारण रजिस्ट्रेशनच्या आदल्या दिवशी कळलं तर सगळा पैशांचा हिशोब बदलतो.

ताब्याच्या दिवशी एजंट सोबत हवाच. मीटर रीडिंगचा फोटो, मेंटेनन्स कुठल्या तारखेपर्यंत भरलाय त्याची पावती, करारात लिहिलेलं सामान जागेवर आहे का, सगळ्या चाव्या, पार्किंगची जागा प्रत्यक्ष उभं राहून. मग सोसायटीत ट्रान्स्फरचा अर्ज, वीज आणि प्रॉपर्टी टॅक्सवर नाव.

शेअर सर्टिफिकेटवर तुमचं नाव चढलं की एजंटची राहिलेली फी द्या, बँकेतूनच, आणि बिल घ्या. जीएसटी लावला असेल तर बिलावर त्याचा जीएसटी नंबर हवा, आणि महारेरा नंबरसुद्धा. नोंदणी झालेल्या प्रोजेक्टच्या व्यवहारात त्याने खोटी माहिती दिली असेल तर महारेराकडे बिल्डरसारखीच एजंटविरुद्धही तक्रार करता येते, आणि तेव्हा हे बिल, पायरी ४ चा करार आणि व्हॉट्सॲपवरच्या नोंदी एकाच फाईलमध्ये असलेल्या बऱ्या.